चोवीसात एक

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पलंगाचे कातीव पाय तीनशे चाळीस. दवाखान्यासाठी कुबड्या बावन्न जोड. जिन्यांचे कठडे अकरा, त्यांतला एक गोल जिन्याचा, ज्याच्यापुढे माझ्याआधी दोन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. पाळणे नऊ, पैकी एक जुळ्यांचा. बुद्धिबळाचे संच सव्वीस. एका निवृत्त पोस्टमनचा गुडघ्याखालचा लाकडी पाय, जो लावून तो अजून रोज बाजारात जातो. मी बसतो ती खुर्ची. आणि ज्याच्यावर हे सगळं केलं तो लेथ, जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर आणि भंगारातल्या बेअरिंगवर उभा केलेला. सगळं याच दोन हातांनी, कुणीही न शिकवता.

ही यादी मी तुझ्या शहरातल्या घरवाटप कचेरीच्या फॉर्मवर ‘शैक्षणिक पात्रता’ असं छापलेल्या चौकटीत लिहिली. चौकट दीड इंच बाय चार इंच होती, म्हणून अक्षर बारीक करावं लागलं. तिथल्या इंजिनियर साहेबांनी ते वाचून विचारलं की कॉलेज कुठलं. मी सांगितलं की घराची मागची खोली. ते हसले. मग मी नमुन्याच्या दोन लाकडी गोळ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी कॅलिपर काढून मोजल्या, उलटसुलट मोजल्या, आणि नंतर हसले नाहीत.

काम मला मिळालं, ताई! ते लोक अडतीस बैठी घरं बांधतायत, अर्ज आलेत नऊशे बारा. आठ एप्रिलला सगळ्यांसमोर सोडत. त्यासाठी एका बाजूने काचेचं, फिरवता येईल असं पिंप आणि नऊशे बारा लाकडी गोळ्या, प्रत्येकीवर एका अर्जाचा नंबर. कातारी म्हणून बत्तीस वर्षं लोकांच्या पलंगांखाली माझं काम राहिलं. आता ते स्टेजवर चढणार. ही म्हणाली की आता तरी शर्टाची बटणं नीट लावत जा.

तुझा गुडघा कसा आहे ते खरं लिही. ‘बरा आहे’ असं लिहिणार असशील तर तेवढी शाई वाचव.

लोभ आहे तसा असू दे, वाढवलास तर मी मोजून घेईन.

तुझा,
भाऊ

ता. ९ फेब्रुवारी

चि. सूतभरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. वडिलांनी भिंतीवर टांगलेल्या फोटोला पट्टी लावून ‘सूतभर वाकडा आहे’ म्हणणारं सहा वर्षांचं कार्टं आता सरकारी कामाचं माप ठरवणार! तुझं हे नाव मीच ठेवलं होतं, हे स्टेजवर चढलास की सांगून टाक. आणि बरं झालं पत्र लिहिलंस. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांवर वर्ष काढतोस.

आता गुडघा. बासष्ट पायऱ्या आहेत, हे तुला माहीत आहे, मागच्या वेळी तूच मोजल्यास आणि सतरावी अर्धा इंच उंच आहे असं घरमालकाला सुनावून आलास. मी दिवसातून एकदा उतरते आणि एकदा चढते. दुसऱ्यांदा जमत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की एक तर तळमजल्यावर राहायला जा, नाहीतर संध्याकाळचा वर्ग सोडा. मी विचारलं की तिसरं काही नाही का. ते म्हणाले, चान्स आहे. आणि पेनाचं टोपण लावलं.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात वर्गात आमचा तोच शब्द होता. पाठ सातवा. माझ्या सात बाया, दिवसभर काम करून इंग्रजी शिकायला येतात. पुस्तकात चान्सचा एकच अर्थ दिलाय, शक्यता. मी म्हटलं, तुम्ही हा शब्द रोज वापरता, वाक्यं सांगा. नर्स म्हणाली की डॉक्टर ‘चांगला चान्स आहे’ म्हणतात तेव्हा निम्मा असतो, नुसतं ‘चान्स आहे’ म्हणतात तेव्हा आम्ही नातेवाइकांना खुर्ची आणून देतो. कॅन्टीनवाली म्हणाली की तिचा नवरा तिला बाय चान्स भेटला, ती चुकीच्या बसमध्ये चढली होती, आणि पंचवीस वर्षं झाली तरी ती अजून उतरलेली नाही. तिकीट खिडकीवरची म्हणाली की सुट्टे नाहीत म्हणणारं गिऱ्हाईक नुसतं चान्स मारत असतं. सगळ्यात धाकटी दुकानात काम करते, ती पोरांच्या चान्स मारण्याबद्दल बोलायला लागली आणि लाजून तिने वहीत तोंड खुपसलं. शक्यता कुणीच म्हणालं नाही.

आता एक गोष्ट, जी मी दोन परिच्छेद लांबवली. त्या नऊशे बारा अर्जांत एक माझा आहे. बैठं घर, एकही पायरी नाही, वर्गापासून पाच मिनिटं. अर्ज डिसेंबरमध्ये भरला. तुला सांगितलं नाही, कारण नाही लागला तर तू तोंड पाडून बसशील. माझा नंबर ४१७.

माझ्या भावजयीला बटणांबद्दल पूर्ण पाठिंबा कळव. आशीर्वाद पुरवून पुरवून वापर.

तुझी,
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून.

ताई, अर्ज मागे घे. रागावू नकोस, आधी हिशेब ऐक. अडतीस घरं, नऊशे बारा अर्ज, भागाकार बरोबर चोवीस. तुझा चान्स चोवीसात एक. तुझ्या बाया काहीही म्हणोत, माझ्या वर्कशॉपात या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो आकड्यात लिहिता येतो. म्हणजे चोवीस वेळा सोडत झाली तर तेवीस वेळा तू रिकाम्या हाताने घरी जाणार. त्या एका वेळेसाठी माझं काय होईल ते बघ. समजा नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सगळं शहर म्हणेल की पिंप भावाचं, घर बहिणीचं. मग मी मायक्रॉनमध्ये मोजलं काय आणि वितीने मोजलं काय. ज्याच्याकडे कॉलेजचा कागद नाही त्याच्याकडे फक्त नाव असतं, आणि ते एकदा गेलं की लेथवर कातून मिळत नाही.

काम सोडायचाही विचार केला. पण असं काम माझ्याकडे बत्तीस वर्षांत एकदा आलं, आणि मी बावन्नचा आहे. तुला तळमजला हवा असेल तर आम्ही शोधू, पैसे मी घालीन. ही पण हेच म्हणते. (खरं सांगायचं तर ही असं म्हणाली नाही. ही म्हणाली की ताईंना असं लिहायची तुझी हिंमत कशी होते ते बघू दे. पण लिहिलं.)

राग आला तरी माया वजा करू नकोस, एवढी विनंती.

भाऊ

ता. १९ फेब्रुवारी

चि. सूतभरास,
आशीर्वाद. आज थोडे कमी.

नाही घेत मागे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सतराव्या पायरीवर बसले होते, अर्धा इंच उंच आहे ती. पोस्टमन खालून वर आला, मी वरून खाली जात होते, तिथे गाठ पडली. तिथेच वाचलं. तू चोवीसात एक लिहिलंयस ना, तसं मी तिथे बसून मोजलं. दिवसाला एकदा उतरणं, म्हणजे वर्ग किंवा बाजार, दोन्ही नाही. दवाखाना आला की वर्ग बुडाला. पुढच्या वर्षी तेही जमेल की नाही माहीत नाही. साठाव्या वर्षी मी नोकरीतून सुटले आणि हा वर्ग माझा मी काढला, बाकड्यांसकट. माझं नाव असलेली ती एवढी एकच गोष्ट आहे. तुझ्या नावाची तुला काळजी, तशी मला माझ्या या सात बायांची आहे.

आणि तुझे पैसे नकोत. तळमजला मी तुझ्या पैशाने घेतला तर ते घर तुझं, मी पाहुणी. हा माझा अर्ज आहे, माझ्या सहीचा. चोवीसात एक तर एक. तुला तो कमी वाटतो, मला तो पूर्ण माझा वाटतो.

वर्गात मी तुझं नाव न सांगता विचारलं की एखाद्याने दुसऱ्याला चान्स सोड म्हणावं का. तिकीट खिडकीवरची म्हणाली की रांगेतून बाहेर हो असं कुणी म्हटलं तर आपण आधी त्याला विचारतो, तू कुठे उभा आहेस. नर्स म्हणाली की चान्स देतात, घेतात, मारतात, घालवतात, पण दुसऱ्याला सोडायला लावतात हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. मी मान डोलावली आणि फळा पुसला.

आता तुझ्यासाठी उपाय. लपवू नकोस. कचेरीला सरळ लिही की ४१७ माझी बहीण आहे. आणि पिंप असं कर की हॉलमधला कुणीही उठून कुठलीही गोळी मोजू शकेल. मग बोलू दे शहराला. तू वाकडं करूच शकत नाहीस, हे मला सहा वर्षांचा होतास तेव्हापासून माहीत आहे. बाकीच्यांना मोजून कळू दे.

रागावले आहे, पण रविवारपर्यंतच.

ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवार उलटून गेला, म्हणून लिहितो.

तू म्हणालीस तसं केलं. कचेरीला पत्र टाकलं, नातं लिहिलं, नंबर लिहिला, काम काढून घ्यायचं असेल तर घ्या असंही लिहिलं. इंजिनियर साहेबांचं उत्तर आलं की काम तुमच्याकडेच राहील, अर्जदार बाईंचा अर्जही राहील, सोडतीआधी एक तास गोळ्या तपासायला खुल्या ठेवू. शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की असं पत्र या कचेरीत आजवर आलेलं नाही. ते मी हिला दाखवलं. ही म्हणाली की आता ते फ्रेम करून वाकडं लावूया.

आता काम कसं चालतं ते ऐक, म्हणजे हॉलमध्ये बसशील तेव्हा कळेल. गोळी तीस मिलिमीटरची. सगळं लाकूड एकाच खोडाचं, दोन वर्षं सुकलेलं. लेथवर गोल करायची, मग तापवलेल्या ठशांनी नंबर डागायचा. एकला नुसता एक नाही, शून्य-शून्य-एक, म्हणजे प्रत्येकीवर तीनच ठसे. डागल्यावर कडा उचलते, ती पॉलिश पेपरने हाताने बसवायची. प्रत्येकीला चाळीस सेकंद, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून. कमी नाही, जास्त नाही. कारण जास्त घासलं की गोळी बारीक होते. बिस्किटांचा डबा हलवला की चुरा तळाला जातो ना, तसंच पिंप फिरवलं की बारीक गोळी खाली सरकते, आणि भोक खालीच असतं. केसभर फरक पुरतो. कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही.

म्हणून शेवटी दोन पितळी कड्या. मोठीतून प्रत्येक गोळी पडलीच पाहिजे, लहानीतून एकही पडता कामा नये. ही त्यांना सून कडी आणि सासू कडी म्हणते. सून सगळ्यांना आत घेते, सासू कुणालाच नाही.

तीनशे झाल्या, रोज तीसच्या वेगाने. तुझा नंबर यायला चार दिवस आहेत. तू चोवीसात एक पूर्ण तुझा म्हणालीस, ते अजून डोक्यात आहे. तो तसाच तुझ्या हातात पोचवीन, ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त.

राग संपला असेल तर कळव, नसेल तर अर्धा तरी कर.

भाऊ

ता. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नऊशे बारा पूर्ण. काल दिवसभर कड्यांची परीक्षा घेतली. मी टाकायचं, हिने टिपायचं. सून कडीतून सगळ्या पडल्या. सासू कडीवर नऊशे अकरा अडल्या.

एक पडली.

हिने नंबर विचारला, मी सांगितला नाही, तिने माझ्या हातातून घेतली आणि वाचली. तुला सांगायचं नव्हतं, पण न सांगणं मला जमत नाही हे तुलाच जास्त माहीत आहे. ४१७. तिच्यावर हात जास्त फिरला. का, ते लिहीत नाही.

बाद केली. त्याच खोडाच्या उरलेल्या तुकड्यातून पाच नव्या कातल्या, नंबर न टाकता. त्या पाचही दोन्ही कड्यांत पास झाल्या, तेव्हा हिने पाठ फिरवून त्यातली एक उचलली आणि तिनेच नंबर डागला, कडाही तिनेच चाळीस सेकंद बसवली. मी तोवर बाहेर उभा होतो. परत दोन्ही कड्या. पास. माझ्या हाताने केलेल्या कामात माझा शेवटचा हात लागू न दिलेली ही पहिलीच वस्तू.

बाद गोळी टेबलावर आहे. तिच्याकडे बघून काम होत नाही.

लोभ असावा, पण विचारू नये.

भाऊ

ता. २७ मार्च

चि. सूतभरास,
अनेक, अनेक आशीर्वाद, मोजू नकोस.

वेडा आहेस का रे! आयुष्यात पहिल्यांदा ताईसाठी काहीतरी जास्त केलंस आणि ते भंगारात टाकून बाहेर जाऊन उभा राहिलास. हात जास्त फिरला म्हणे. फिरला नसता तर मला वाईट वाटलं असतं. लहानपणी मला ताप आला की तू माझ्या उशीची टोकं बरोबर ओढून ठेवायचास, एक टोक सुद्धा वर राहू द्यायचा नाहीस. हे तेच आहे. तुझी माया अशी मिलिमीटरमध्येच निघते, दुसरीकडून निघायला तिला वाट नाही.

ती बाद गोळी मला पाठव. टेबलावर बघून तुझं काम होत नसेल तर माझं होईल. वर्गाच्या कागदांवर ठेवीन.

चान्स या शब्दाला मी वहीत आता अकरा अर्थ लिहिलेत. कॅन्टीनवाली परवा म्हणाली की माणूस ‘चान्स घेऊ नको’ म्हणतो तेव्हा त्याला धोका म्हणायचं असतं, आणि ‘चान्स घे’ म्हणतो तेव्हाही धोकाच असतो, फक्त दुसऱ्याचा. पुस्तक लिहिणाऱ्याने तिला भेटायला हवं होतं.

भावजयीला सांग, ठशाचा चटका बसला असेल तर तूप... नको, मलम लाव. आशीर्वाद दोघांना, वाटून घ्या.

ताई

ता. १० एप्रिल

चि. सूतभरास,
अनेक आशीर्वाद.

तू शेवटच्या बसने निघून गेलास, चहाला सुद्धा वर आला नाहीस, बासष्ट पायऱ्यांना घाबरलास की मला? म्हणून सगळं पत्रातच सांगते, तू स्टेजवरून काही बघितलं नसशील.

हॉल भरला होता, लोक खिडक्यांतून. तू नव्या शर्टात, बटणं बरोबर, कुणाची तरी वरात आल्यासारखा ताठ. एक तास लोक रांग लावून गोळ्या कड्यांत टाकत होते. एका आजोबांनी शंभर तरी टाकल्या असतील, शेवटी म्हणाले की घर नाही लागलं तरी चालेल, कडी द्या. माझ्या मागच्या बाकावर कुजबुज होतीच, कातारी आणि त्याची बहीण. मग कुणीतरी ४१७ काढून कडीवर ठेवली. सासू कडीने अडवली आणि कुजबुज थांबली. त्या वेळी मला तुझा इतका अभिमान वाटला की मी नाक शिंकरायचं नाटक केलं. तू माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाहीस.

मग पिंप फिरलं. काय आवाज होता रे तो, नऊशे बारा लाकडं एकदम बोलल्यासारखा. अडतीस वेळा. माझा नंबर आला नाही, ते तुला माहीतच आहे. एकोणतिसावा नंबर माझ्या वर्गातल्या नर्सचा निघाला. ती उठून रडायला लागली आणि मला मिठी मारली. मीही हसले, पण खरं सांगते, मनापासून आनंद व्हायला मला अर्धा तास लागला. आता झालाय. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला ते घर माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. पण हे मला कळायलाही अर्धा तासच लागला.

वर्ग मेअखेर बंद करेन असं बायांना सांगितलं. त्या बाकडी नीट लावून गेल्या. दुःख करत बसू नकोस. चोवीसात एक होता, पूर्ण मिळाला, संपला. तुझी बाद गोळी आता माझ्याजवळ असते. चढताना मुठीत धरते. सतराव्या पायरीवर थांबते तेव्हा वाटतं की इतक्या जगात एका माणसाचा हात माझ्या नावावरून जास्त वेळ फिरला. दुखतं कमी, असं म्हणणार नाही, पण चढते.

एक विचारायचं राहिलं. पिंप उघडत होतास तेव्हा एक करड्या कोटातला माणूस तुझ्याशी हात मिळवायला आला. तू दोन्ही हात पाठीमागे नेलेस. तू कुणाचा असा अपमान करत नाहीस, वाकडे फोटो लावणाऱ्याचा सुद्धा नाही. कोण होता तो?

आशीर्वादांचं पोतं रिकामं होत नाही, उचलून ने.

ताई

ता. १५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वर्ग बंद करू नकोस. मी रविवारी येतो.

तुझ्या घरमालकाला फोन केला. सतराव्या पायरीवरून आमची जुनी ओळख आहे. त्याने परवानगी दिली, अट एवढीच की भिंतीला भोकं कमी पाड. दोन्ही बाजूंनी कठडे बसवतोय, बासष्ट पायऱ्यांना, हाताच्या मुठीत बसतील असे गोल, तुझ्या हाताचं माप माझ्याकडे आहे, तुझा जुना हातमोजा अजून आहे आमच्याकडे. प्रत्येक वळणावर भिंतीला घडी घालून उभं राहील असं एक बाक, दोन मजल्यांमध्ये एक, मिळून तीन. ओढलं की बसता येतं, उठलं की आपोआप मिटतं, म्हणजे कुणाच्या पायात येत नाही. सतरावी पायरी मी तासून सारखी करणार आहे, तेवढं मालकाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशाने दिवसातून दोनदा जमायचा चान्स आहे. मी आकडा विचारला. ते म्हणाले, निम्म्याहून बरा. तुझ्या नर्सच्या हिशेबाने हे चांगल्यात मोडतं.

हे माझे पैसे नाहीत, माझं काम आहे. आणि बाकं जिन्याची आहेत, तुझी नाहीत, तेव्हा शेजारीणही बसेल. पाहुणी कुणीच नाही. एवढं तरी घे.

ही सोबत येतेय. मी मोजताना तिला समोर ठेवायची सवय लावून घेतो आहे.

तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर सहीच्या खाली लिहितो, कारण सहीच्या वर लिहायला तीन कागद फाडले. वाचून झाल्यावरही लोभ उरला तर थोडा ठेव, रविवारी जिन्यातच मागीन.

तुझा,
भाऊ

ता. क. ताई, तू ती गोळी मुठीत धरून चढतेस, म्हणून सांगणं भाग आहे. तिच्यावर फिरला तो मायेचा हात नव्हता. निदान नुसता मायेचा नव्हता.

सहा मार्चला तो करड्या कोटातला माणूस वर्कशॉपात आला. लोकांना घरं मिळवून देणं हाच त्याचा धंदा. माझं कचेरीला लिहिलेलं पत्र त्याने कुणाकडून तरी मिळवून वाचलं होतं, तुझा नंबर त्याला पाठ होता. मी घासत होतो तीच योगायोगाने ४१७. तुझी कॅन्टीनवाली ज्याला बाय चान्स म्हणते ते हेच असावं. तो स्टुलावर बसला आणि बोलायला लागला तेव्हा घड्याळात सव्वातीन. त्याने तुझ्या गुडघ्याबद्दल विचारलं. किती पायऱ्या, तेही त्याला माहीत होतं. मग त्याने सांगितलं की फार काही करायचं नाही, फक्त चार गोळ्या जरा जास्त घासायच्या. कुणाला दिसणार नाही, कड्या काय, त्या तुम्हीच करता.

मी नाही म्हणालो. दार उघडून उभा राहिलो आणि तो गेला. पण मी नाही म्हणालो तेव्हा तीन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. चाळीस सेकंदांचं काम. त्या चार मिनिटांत माझा हात थांबला नव्हता, ताई. तोंड गप्प होतं आणि हात घासत होता. मला त्याचं भानच नव्हतं, ते सासू कडीने सांगितलं. तू म्हणालीस की मी वाकडं करूच शकत नाही. करू शकतो. चार मिनिटं लागतात.

म्हणून त्याचा हात हातात घेतला नाही, आणि म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही. आता ती गोळी टाकायची असेल तर टाक, ठेवायची असेल तर काय आहे ते माहीत असून ठेव.

त्याची ऑफर अशी होती: तीन गोळ्या त्याच्या माणसांच्या, चौथी तुझी, चारही सोडतीत निघतील याची त्याला खात्री. आणि माझ्या हातात रोख एक लाख ऐंशी हजार.